हळदीकुंकवाला न येणाऱ्या बायका

गेल्या संक्रांतीला पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत वेगळंच वाण दिलं... स्तनांची मोफत तपासणी. प्लास्टिकचे डबे घरोघरी खूप झालेत, म्हणून कमिटीतल्या बायकांनीच ठरवलं. क्लबहाउसमध्ये बाहेर हळदीकुंकू, आतल्या खोलीत पडद्यामागे डॉक्टर मॅडम.

निघताना सासूबाईंना म्हटलं, "आई, चला ना." सत्तरी ओलांडलीय त्यांनी. मूळच्या तळवड्याच्या, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली.

"हळदीकुंकवात माझं काय काम? आन या वयात काय तपासायचं? जा तू." मीही फार ताणलं नाही...

मधेच मॅडम पडद्याबाहेर आल्या. "सगळ्या तिशी-चाळिशीच्याच कशा? वयाबरोबर हा धोका वाढतो. तुमच्या आया, सासवा कुठे आहेत?"

एक शेजारीण हळूच म्हणाली, "त्यातल्या बऱ्याच जणी... हळदीकुंकवाला येत नाहीत." ती बोलली, आणि आपण काय करून बसलोय ते आम्हाला तेव्हा कळलं.

मी तशीच घरी गेले. "आई, कुंकवाला नाही, डॉक्टरांनी बोलावलंय."

आई पदर सारखा करत म्हणाल्या, "समोरच्या कांबळेबाईंना बी घे मग. त्यांना तरी कुणी बोलावलंय?"

कांबळेकाकूंनी दार उघडताच विचारलं, "काय हो, आज एकदम आमची आठवण?" पण चपला घालून निघाल्या.

काकू तपासून घेऊन लगेच बाहेर आल्या. आईंना वेळ लागला... डाव्या बाजूला गाठ होती.

मग मॅमोग्राफी, बायोप्सी, ऑपरेशन. कॅन्सरच निघाला, पण गाठ लहान होती, पसरलेली नव्हती. आता रोज एक गोळी आणि अधूनमधून तपासणी. आई बऱ्या आहेत.

एकदा मी विचारलं, "गाठ कधी हाताला लागली नव्हती?"

"लागली व्हती की, दिवाळीच्या आधीच. दुखत न्हवती, मग कशाला..."

"मला सांगायचं ना, आई."

शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "तू इचारलंस कवा?"

रागाने नव्हत्या म्हणाल्या. म्हणूनच जास्त लागलं...

त्या दिवशी खोलीत नसलेल्या बायकांची चौकशी करणाऱ्या मॅडमचे आभार किती मानू! सोसायटीतली पुढची तपासणी आम्ही एका साध्या रविवारी ठेवलीय. बोलावणं करायला दारोदार जातोय, एकही दार न वगळता.