किटलीचा मान

साहेबाच्या आईनं रहेमानच्या हातातून चहाची किटली काढून घेतली, आणि यवतमाळात सगळ्यांशी ताठ मानेनं बोलणारा हा माणूस मागच्या ओसरीवर जाऊन खाली मान घालून बसला.

एकोणीसशे सत्तावन्न सालचा हिवाळा होता. जिनिंग कारखान्याचे मॅनेजर गिलक्रिस्ट साहेब बंगल्यात एकटेच राहत. स्वराज्य आलं तरी ते गेले नव्हते. कोणी इंग्रज म्हटलं की भडकत. "हम स्कॉट है," म्हणत, आणि चहा मागत.

तो चहा खानसामा रहेमानचा. किटली आधी उकळत्या पाण्यानं शेकायची. माणशी एक चमचा पत्ती, वर एक किटलीच्या नावानं. मग तिला लोकरीची टोपी चढवायची आणि थांबायचं. हे थांबणं रहेमानसारखं कोणाला जमलं नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, साहेब चिडलेले. रहेमान मात्र किटलीजवळ हात बांधून उभा. ओतताना बशीत थेंब पडत नसे.

त्या हिवाळ्यात साहेबांची आई आली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातली, पांढऱ्या केसांची, काटक बाई. पहिल्याच दुपारी रहेमान ओतायला वाकला, तर तिनं त्याचं मनगट बाजूला सारलं आणि चहा स्वतः ओतला. मग रोज तेच.

रहेमानला याचा एकच अर्थ ठाऊक होता. गावातल्या काही घरी त्याच्यासाठी कान तुटलेला कप वळचणीला खोचलेला असे. त्यात चहा वरून ओतत. बंगल्यात तसं कधी झालं नव्हतं. म्हणून तर तो इथं टिकला होता.

माळी देवसिंग तांड्यावरचा. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काहून मिया, म्हातारीले तुह्या हातचं चालत नाही काय?"

"तिलेच इचार."

"मी कायले इचारू? मले तर तिनं काल बिस्किट देल्लं."

"देणं येगळं, बापा. घेणं येगळं."

संध्याकाळी रहेमाननं साहेबांना सांगितलं, उद्यापासून येणार नाही. कारण सांगितलं नाही. तशाही रागात त्यानं किटली घासली, पुसली, टोपीची घडी घातली आणि मगच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात टांगा थांबला. आत साहेब, त्यांची आई आणि तिच्या मांडीवर बिस्किटांचा डबा. नुसता चहा देणं तिच्या गावी लाजिरवाणं मानत. पाहुणी म्हणूनही ती मोकळ्या हातानं आली नव्हती.

रहेमानची बायको मलिका, तिनं पातेल्यात दूध, साखर, पत्ती, आलं सगळं एकत्र उकळलं. रहेमान चुलीजवळच उभा. सवयीनं त्यानंच पातेलं उचललं. म्हातारीनं चटकन त्याच्या हातावर चापट मारली आणि काहीतरी बोलली.

साहेब हसत सुटले. "अम्मा बोलता, औरत घर में है, तो मर्द चाय नहीं डालेगा!"

मग उलगडा झाला. तिच्या आजीच्या आजीच्या काळी पाद्री चहाला शिव्या घालत, त्यापेक्षा आपली जवाची दारू बरी म्हणत. पत्ती इतकी महाग की डब्याला कुलूप, आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला. तेव्हापासून ओतायचा मान बाईचा.

"आमचे अब्बा बी चहाले जहर म्हणत," मलिका म्हणाली. "अम्मा, थे कमरेची किल्ली मले बी द्या."

सगळे हसले. रहेमान हसला नाही. त्यानं डब्यातलं बिस्किट उचललं, हातानं मोडलं आणि अर्धं म्हातारीपुढे धरलं. तो सवाल होता. खोलीत तो फक्त मलिकाला कळला.

म्हातारीनं ते घेतलं. मलिकाच्या रोजच्या कपातल्या चहात बुडवलं आणि खाल्लं. आल्यानं तिचं तोंड वाकडं झालं. तरी तिनं कप पुन्हा पुढे केला.

"उद्या येतो, साहेब," रहेमान म्हणाला.

फाल्गुनात ती परत गेली. निघताना किटली तिनं त्याच्या हातात दिली. आता बंगल्यात दुसरी बाई नव्हती. बासष्टला साहेब मायदेशी गेले, तोवर तोच ओतत राहिला, थेंब न सांडता.

घरी मात्र त्यानं पुन्हा पातेल्याला हात लावला नाही.

"म्हातारीनं मान मले देल्ला," मलिका आल्यागेल्याला सांगे, "आन् आराम याले."