शेठच्या मोटारीतली थंडी

गॅरेजात जुना नट-बोल्ट कुणी फेकत नाही. लागेल कधीतरी, म्हणून डब्यात टाकतात. डबा भरला की दुसरा डबा! सेलूच्या स्टेशनरोडवरच्या आमच्या गॅरेजात किस्से असेच साठत गेले. चार माणसं चहाला बसली की कुणीतरी डबा उपडा करायचंच. त्यातले निम्मे किस्से एकाच मोटारीचे, आणि त्या मोटारीचे सगळे किस्से आमच्या उस्तादांचे.

मोटार अमेरिकन, भली थोरली. संस्थान विलीन झालं, जहागिरी गेल्या, पण हैदराबादच्या एका जहागीरदाराची ऐट आणखी काही वर्षं टिकली. तीही परवडेना, तेव्हा त्यानं ही मोटार विकायला काढली आणि आमच्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेठनी घेतली. तिच्या डिकीत थंडी करायचं अख्खं मशीन होतं! मे महिन्यात आत बसलं की हुडहुडी भरायची. म्हणजे मशीनमध्ये गॅस असला तर. तो गॅस काही टिकत नव्हता. जुन्या नळ्या, आज इथून गळती, उद्या तिथून.

मोटारीबरोबर तिचे ड्रायव्हर आणि मेकॅनिक, रहीम उस्ताद, तेही सेलूला आले. मेंदी लावलेली दाढी, तोंडात पान आणि आवाज असा की स्टेशनावर गाडीची घंटा ऐकू येऊ नये. शेठनीही मोटार विकली तर त्यांना हैदराबादला जावयाकडे राहावं लागणार होतं.

"जमाई के घर में चाय भी पूछके पीना पडता, मियाँ," ते म्हणायचे, "नक्को!"

आम्हालाही ते जायला नको होते. मी मुळातला सोनार. तांब्याच्या नळ्या चांदीच्या डागानं सांधायला फुंकणीवाला माणूस हवा, म्हणून उस्तादांनी मला माझ्या दुकानातून उठवून आणलं. मी परत गेलोच नाही. अशा माणसाजवळून कोण उठेल?

*

गळती शोधायला उस्तादांकडे एक दिवा होता. त्याला रबराची नळी. तिचं तोंड मोटारीच्या नळ्यांजवळून फिरवायचं. जिथं गॅस गळत असेल तिथं दिव्याची निळी ज्योत एकदम हिरवी व्हायची. बाजाराच्या दिवशी हे बघायला ही गर्दी!

एकदा पेडगावचा एक शेतकरी गर्दीतून पुढं आला. "उस्ताद, आमच्या गावाला या की. हौद गळायलाय, कुठून ते घावंना."

आम्ही हसलो. उस्ताद मात्र खरंच गेले! दिवा नाही, हळद घेऊन. भरल्या हौदात हळद टाकली आणि बाहेरच्या भिंतीवर पिवळा ओघळ कुठं उतरतोय ते बघत बसले. दुपारपर्यंत चीर सापडली, बुजवलीसुद्धा.

शेतकऱ्यानं हात जोडले. जेवू घातलं. मग हळूच विचारलं, "समदं बेस झालं उस्ताद. पण हिरवं कधी व्हनार?"

*

वारं सुटलं की दिवा निकामी. मग साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की तिथं गळती. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात फेस लावीपर्यंत वाळायचा.

उस्ताद शेजारच्या सोपान न्हाव्याकडे गेले. सोपानचा फेस गावात नामी. गालावर लावून गिऱ्हाईक दोन गावच्या गप्पा मारून आलं तरी उतरायचा नाही. तेव्हा सोपानच्या खुर्चीत कचेरीतले एक साहेब होते, अर्धी दाढी झालेले.

"अहो, माझी दाढी!" साहेब ओरडले.

सोपान वाटी-ब्रश उचलून निघालासुद्धा. "साहेब, तुमची दाढी काय पळून जायलीय? गॅस पळायलाय तिकडं!"

साहेब तसेच अर्ध्या गालानं मागोमाग आले. सोपाननं मोटारीखाली झोपून सगळ्या नळ्यांना फेस चोपडला. इतका हलका हात की मोहरीएवढा बुडबुडासुद्धा फुटला नाही. तीन गळत्या सापडल्या. तेव्हापासून मोटारीची दाढी हा रिवाजच पडला. दर वेळी काम झालं की सोपान नळ्या पुसायचा, वर तुरटी फिरवायचा. का, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही!

*

एकदा दिवाही चालेना आणि फेसही. उस्ताद म्हणाले, "कान से सुनूँगा." पण शेजारीच शेठचं जिनिंग धडधडत होतं. उस्ताद सरळ आत गेले आणि इंजिनवाल्याला दमात घेऊन इंजिन बंद करायला लावलं!

शेठ धावत आले. "कुणी बंद केलं?"

मोटारीला कान लावून बसलेल्या उस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं. "शेठ, आपकीच मोटार बात कर रही. जरा सुनने दो."

आणि शेठ चक्क गप्प उभे राहिले. गळती सापडेपर्यंत!

*

शेठच्या आईला सगळं गाव मोठीबाई म्हणायचं. डागासाठी चांदी संपली, तेव्हा मोठीबाईंनी आपली पायातली तुटकी तोरडी गॅरेजात पाठवून दिली. मी ती आटवून एकेक जोड असा भरला, की आजही मला त्याचा अभिमान वाटतो.

त्यानंतर मोटार दारावरून गेली की मोठीबाई शेजारणीला सांगायच्या, "माझी तोरडी चाललीय बघ!"

*

थंडी चालू असली की मोटारीखाली पाणी ठिबकायचं. डिकीच्या तळाला त्यासाठी मुद्दाम भोक ठेवलेलं होतं. एकदा परभणीला बैठकीसाठी निघताना शेठनी ते ठिबकणं पाहिलं. उस्ताद नमाजाला गेलेले. शेठ म्हणाले, गळती म्हणजे गळती! शेठ कापसाचे व्यापारी, त्यांना दुसरं काय सुचणार? चांगला लांब धाग्याचा कापूस घेऊन त्यांनी स्वतःच्या हातानं भोक गच्च बुजवलं.

परभणी येईतो ते सगळं पाणी मागच्या सीटमधून शेठच्या धोतरात उतरलं. बैठकीत शेठ शेवटपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत.

उस्तादांनी कापूस उपसला. "शेठ, ये मशीन का पसीना है. पसीना रोकेंगे तो कपडे भीगेंगेच!"

शेठ पेटले. "बास झालं! पाथरीला सोयऱ्याच्या लग्नाला आई या मोटारीतून येनार हाय. मागच्या साली टांग्यात तिला ऊन लागून जिवावर बेतलं व्हतं. आई गार आली तर मोटार ऱ्हाईल. न्हाईतर लग्न उरकलं की इकली म्हणून समजा."

*

शेठ आदल्या दिवशीच पाथरीला गेले. सकाळी सोपाननं मोटारीची दाढी केली. एक बुडबुडा नाही! मोठीबाई मागं, मी पुढं उस्तादांशेजारी. आत असा गारवा की उस्ताद गाणं गुणगुणायला लागले.

अर्ध्या रस्त्यात चाकाखालचा दगड उडाला. फस्स्! उस्ताद उतरले, खाली वाकून बघितलं आणि तसेच रस्त्यावर बसले. माझा एकही डाग सुटला नव्हता. दगडानं नळीच फाडली होती.

"अम्माजान, माफ करना," ते म्हणाले आणि काचा खाली केल्या.

मोठीबाईंनी विचारलं, "आता तू जावयाकडं जानार व्हय रं?"

उस्तादांनी बाजूला होऊन पान थुंकलं.

"चल, हाक मोटार," मोठीबाई म्हणाल्या.

पाथरीची वेस आली, तशा त्या म्हणाल्या, "काचा वर घे." मोटारीतल्या गारठ्यासाठी बोचक्यात आणलेली लोकरीची शाल काढली आणि डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतली. मांडवापर्यंत आम्ही तिघं भट्टीत बसल्यागत बसलो होतो. शेठ मोटारीकडं धावत आले. ते पोचायच्या आत मोठीबाई उतरल्या आणि दार धाडकन लावून घेतलं.

"लय गारठले रं बाबा!" दातांवर दात वाजवत त्या म्हणाल्या. "म्हातारीला मारतोस का काय? फुडच्या बारीला वाकळ टाक मोटारीत!"

शेठचा चेहरा फुलला. "उस्ताद, मानलं तुमाला! अरे, आईला गरम च्या आना!" म्हणत त्यांनी आईला धरायला खांद्यावर हात ठेवला आणि चमकून काढून घेतला.

"आई, शाल वलीचिंब कशानं झाली गं?"

मोठीबाईंनी सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "परत त्या भोकात कापूस कोंबलास का रं?"