बँकेला फोन लावणारे काका

अमेरिकेतल्या एडिसन गावातले आमचे शेजारी काका बँकेला फोन लावायचा असला की इस्त्रीचा शर्ट घालतात. पलीकडून कोण बघणार आहे? पण ते म्हणतात, "अरे, आवाजात कळतं." मग फोन स्पीकरवर टाकून, होल्डचं संगीत ऐकत निवांत मटार सोलत बसतात.

हॉटेलातले माझे कामाचे तास निम्म्यावर आले आणि घराचा पुढचा हप्ता जमेना, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. "हप्ता चुकायच्या आधी आलास, शहाणा आहेस," म्हणाले. मी आठवीतून शाळा सोडलेला. वाटलं, काकाच बोलतील. पण बँकेच्या बाईंचा आवाज आला तसा त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

बाईंनी विचारलं, अडचण काय आहे? लाजेनं माझ्या तोंडून निघालं, "नो मॅडम, एव्हरीथिंग फाइन."

काकांनी फोनवर हात ठेवला. "फाइन आहे तर काय तिला सत्यनारायणाला बोलावतोयस? खरं सांग."

आणि मला अवघडायला नको म्हणून खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, फॉर्म पाठवते, काही महिने हप्ता कमी करता येईल. फोन ठेवला तरी काका भिंतीकडेच बघत होते. माझे डोळे पुसून होईपर्यंत ते वळले नाहीत.