मामांची गाठ

आमच्या घरमालकांइतका लाजाळू माणूस उरवड्यातच काय, सबंध मुळशी तालुक्यात झाला नसेल. त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही, कारण ते ओट्यावर बसून बोलू लागले की रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतली माणसं वळून बघत. गावातल्या प्रत्येकाचं दुखणं त्यांना पाठ होतं आणि त्याची चौकशी ते चारचौघांत करत. "काय वैनी, मूळव्याध काय म्हंतीया?" असं त्यांनी एका बाईंना भर लग्नात, हातात अक्षता असताना विचारलं होतं. मी तेव्हा लातूरहून येऊन तिथल्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो होतो आणि त्यांच्या घराला लागूनच असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो. आम्ही भाडेकरू त्यांना मामा म्हणायचो. माझं नाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही. त्यांच्या लेखी मी 'लातूर' होतो.

मामांच्या काही सवयींचा उलगडा मला बरेच दिवस होत नव्हता. ते दोन माणसं मावतील एवढा ढगळ लेंगा घालत. पंगतीत मांडी घालून कधी बसत नसत. बुफे गावात पोचायच्या कितीतरी आधीपासून ते उभ्याने जेवत. जावयाने दिलेल्या मोटारसायकलवर ते एकदाही बसले नाहीत; महिन्यातून एकदा तिला हाताने धरून पिरंगुटपर्यंत चालत नेत आणि हवा भरून परत आणत. आणि बारा महिने पडवीत झोपत. थंडीत धरणाकडचा वारा दातावर दात वाजवायला लावायचा, तरी "आत लई उकडतं" म्हणून दोन गोधड्या अंगावर ओढून घेत. मामी आत झोपायच्या. शांत बाई. त्या नवऱ्याशी कामापुरतं बोलत, तेही पाठमोऱ्या राहून.

एका रविवारी मामा माझ्या दारात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "लातूर, बैलाला खाली गाठ आली तर डाक्टर काय करत्यात?"

"कुठल्या बैलाला?" मी विचारलं. मामांनी बैल कधीच विकले होते.

"असता तर, म्हंतो मी." ते भिंतीकडे बघत होते. "तितं. पिशवीत. दुकत न्हाई. पन वाढतीया."

मग मला सगळंच कळलं. लेंगा, मोटारसायकल, पंगत, पडवी. त्यांच्या थोरल्या भावाला पोटात गाठ झाली होती आणि तो वर्षाच्या आत गेला होता. आपलंही तेच आहे, असं मामांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि वर्षानुवर्षं ते नुसतं मरणाची वाट बघत बसले होते.

मी त्यांना पुण्याला नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. "पाणी भरलेली साधी गाठ आहे. कॅन्सर नाही, काही नाही. कधीपासून आहे?"

"धाकली पाळण्यात व्हती," मामा म्हणाले. धाकटीचं लग्न मी आलो त्याच वर्षी झालं होतं.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, दोन मार्ग आहेत. नेहमीसारखा छेद घेऊन गाठ उघडून काढायची. त्यात सूज येते, काही दिवस झोपून राहावं लागतं, घरचं माणूस हाताशी लागतं. नाहीतर नव्या पद्धतीने अगदी लहान छेद घ्यायचा. दुखणं कमी, संध्याकाळी घरी. मात्र गाठ मोठी आहे, तेव्हा थोडी मागे राहून पुन्हा भरण्याची शक्यता धरून चाला.

बाहेर चहा घेताना मी लहान छेदाची बाजू जोरात मांडली. "घरी कुणाला कळणारसुद्धा नाही, मामा."

"हिला बी?"

"मामींनाही नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मोटं आपरेशन करायला सांग."

मामींना सांगायची वेळ आली तेव्हा मला त्यांनी जबरदस्तीने शेजारी उभं केलं. मामी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मामांनी तीनदा घसा खाकरला, पावसाचं बोलले, म्हशीचं बोलले, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. मामींचा हात सुपात थांबला.

"म्हून बाहेर झोपत व्हता?"

"व्हय."

"मला वाटलं, मी नगंशी झाले." एवढं म्हणून त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. मामा उभेच होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. सूज आली, ताप आला, मामींनी सगळं केलं; तोंडातून शब्द न काढता केलं. बरं वाटू लागल्यावर एका दुपारी मामा स्वतःच खाट उचलून आत घेऊन गेले. पण आत आता धान्याच्या कणग्या होत्या, मामींचं अंथरूण होतं, देव होते. खाट काही बसेना. "ऱ्हाऊ द्या तितंच," मामी म्हणाल्या. मामा खाट घेऊन परत पडवीत आले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर एक कणगी अंगणात आली होती. मामींनी ती एकटीने ओढली होती.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी मामी गेल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. मामा ओट्यावर मांडी घालून बसले होते. शेजारी बसलो.

"शेवटी शेवटी लई भांडायची," ते म्हणाले. "रोज. येवडी वर्सं वाया घालवली म्हून. जेवताना भांडायची, निजताना भांडायची." त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "त्याच्या आदी कदी भांडलीच न्हाई, लातूर."

मग त्यांनी विचारलं, जेवलास का.