जोत्यातल्या सातेरी

"तिला काय विचारता? ती बोलायची आणि आपण ऐकायचं," काकी माझ्याकडे बघून म्हणाली आणि काकांच्या हाताला चुना लावत राहिली.

काकांनी एवढंच विचारलं होतं, की चावल्या त्या माश्या कुठून आल्या ते कोणी पाहिलं का. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी पाहिलं होतं. पण आई जराशी हसली आणि मी ओट्यावरची भांडी लावायला वळले. मग काकांनीच निकाल दिला, की ह्या जोत्यातल्याच माश्या, उद्या सकाळी पंपाने औषध मारून टाकू.

आमचं घर पाली गावापासून आत, चिऱ्याचं. मागच्या बाजूला जोत्याच्या दोन चिऱ्यांमधला चुना गळून बोटभर फट पडली आहे. तिथे तीन वर्षांपासून सातेरी राहतात, पोकळीतल्या अंधारात पोळं बांधणाऱ्या लहान मधमाश्या. कपडे वाळत घालायची दोरी बरोबर त्यांच्यासमोर. ते काम मी आपणहून घेतलं, कारण तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. आंब्याला मोहर आला की त्या पायांना पिवळे गोळे लावून परततात. फटीपाशी दोघी-तिघी पहाऱ्याला असतात, त्या प्रत्येकीला हुंगून आत सोडतात. ओला टॉवेल झटकताना एखादी आडवी आली तर तीच वळसा घालून जाते. तीन वर्षांत मला एकही डंख बसलेला नाही.

काकांना चावलं ते दुसरंच काही. मुंबईची नोकरी संपवून ते गावी आले, तेव्हापासून कलमांचं सगळं तेच बघतात. त्या दुपारी त्यांना झेल्याची जाळी बदलायची होती. झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, ती गेल्या हंगामापासून मागच्या पडवीच्या वाशांवर पडून होती. जाळीच्या घडीत गांधीलमाश्यांनी कागदासारखं करडं पोळं केलं होतं. काकांनी काठी खेचली आणि त्या बाहेर आल्या. लांब लोंबते पाय, बारीक कंबर, तांबूस अंग. दोरीपासून मला नीट दिसल्या. काकांनी झेला लाकडांच्या मागे भिरकावला, हात झाडत जोत्याच्या कडेने धावले, आणि थांबून मागे पाहिलं तेव्हा त्यांच्या समोर सातेरी उडत होत्या.

लोकांना वाटतं, मला मराठी येत नाही. मला येतं. माझी शाळा रत्नागिरीतली, इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी शब्द निघाला की बाई डोळे वटारायच्या, आणि घरी कधी 'ॲक्च्युअली' निघालं की आठवडाभर मला त्याच नावाने हाक मारायचे. म्हणून मी वाक्य आधी मनात पुरं करून घेते. तोवर बोलणं भलतीकडे गेलेलं असतं.

मागच्या वर्षी फणसावरचं पोळं असंच गेलं. त्याला पेटता टेंभा लावला होता. सकाळी अंगण मीच झाडलं. खराट्याखाली मेणाचे तुकडे येत होते आणि त्यांत पांढऱ्या अळ्या होत्या. ते सगळं मीच सुपलीत भरून उकिरड्यावर टाकलं.

काकांना चावलं त्या संध्याकाळी मी पाहिलेलं आईला सांगितलं. ती म्हणाली, मग काकांना सांग, मला काय सांगतेस. मोठ्या दिरांसमोर ती स्वतःही तोंड उघडत नाही. काका दर पौर्णिमेला विहारात पुढे बसून सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतात. त्यातलं पहिलंच जीव न मारण्याचं, ते त्यांना ऐकवावं असं मनात आलं. पण वंदना आटपून घरी आल्यावर आम्ही सगळेच बांगडे खातो. मी तर दोन खाते. तो मुद्दा माझ्याच अंगावर आला असता.

सकाळी काकांनी मोहरावर मारायचं औषध कालवलं, पंप पाठीला लावला, तोंडाला पंचा बांधला. हात मनगटापर्यंत सुजला होता, तरी त्याच हाताने दांडा हलवून त्यांनी पंपात दाब भरला. काकी लांबूनच त्यांना फट दाखवत होती. औषधाचा उग्र वास माझ्यापर्यंत आला.

मी दोरीखालून वाकून गेले आणि फटीसमोर उभी राहिले. सातेरी माझ्या ओढणीला चुकवून दोन्ही बाजूंनी ये-जा करू लागल्या.

"बाय, बाजूला हो. डोळ्यांत जाईल," काका म्हणाले. रागावून म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

"फोटो काढायचा असेल तिला," काकी म्हणाली.

नळीचं तोंड माझ्या गुडघ्यांकडे होतं. या वेळी मनात कुठलंही वाक्य तयार नव्हतं.

"तुम्हाला चावल्या त्या झेल्यातल्या गांधीलमाश्या होत्या, काका. झेला लाकडांमागे पडलाय, जाऊन बघा. मी काल बोलले नाही, ती माझी चूक. पण ह्या इथेच राहणार, आणि तुम्ही पंप उतरवेपर्यंत मी इथून हलणार नाही."