बुडीचं घड्याळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही आणि कुणी विचारायची वाटही बघत नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पाण्यात जसजसं खाली जावं तसतसा दाब कसा वाढतो, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. ती आकृती माझी फार छान येते. पोरं वहीत जशीच्या तशी उतरवून घेतात.

अण्णा, माझा थोरला भाऊ, मंद्रूपच्या पलीकडं आमच्या गावात असतो. चार शेरडं आहेत, थोडं रान आहे, पण लोक त्याला ओळखतात ते विहिरीत बुडी मारणारा म्हणून. मोटारीच्या पाइपच्या तोंडाशी गाळ बसला, कुणाची मोटारच दोर तुटून खाली गेली, की अण्णाला निरोप येतो. कधी पोलिसांचाही येतो, कुणी बुडालं की. त्या दिवशी तो घरी येऊन जेवत नाही. पाठीवर सिलिंडर नाही, तोंडात नळी नाही. कमरेला दोरी, हातात धोंडा आणि छातीत मावेल तेवढी हवा. दोरीचं दुसरं टोक वैनीच्या हातात.

गेल्या उन्हाळ्यात होटगीच्या बाजूला एका विहिरीत तो वर आला, पायरीला हात लावला आणि तसाच मागं घसरला. शुद्धच गेली. वैनीनं दोरी ओढली म्हणून आज आहे. मला तिनं हे आठ दिवसांनी फोनवर सांगितलं, तेही शेळी व्यायल्याचं सांगून झाल्यावर.

मी त्याच दिवशी ठरवलं, अण्णाला डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचा. दिसायला हे मनगटी घड्याळच. पण किती खाली आलो, किती वेळ झाला, वर आल्यावर पुन्हा खाली जाण्याआधी किती दम खायचा, हे सगळं ते सांगतं. हद्द ओलांडली की इशारा देतं. अण्णाची शुद्ध गेली ती लागोपाठ बुड्या मारण्यानं, हे मला पुस्तकात बघावं लागलं नाही.

पंधरा दिवस मी तेवढंच केलं. व्हिडिओ बघितले, वही केली, रकाने आखले. शेवटी दोन घड्याळं उरली. पहिलं सिलिंडर घेऊन उतरणाऱ्यांचं, पण नुसत्या श्वासावर बुडी मारणाऱ्यांसाठीही त्यात सोय होती. मोठा रंगीत पडदा, होकायंत्र, आणि खणखणीत आवाजाचा इशारा. दुसरं खास श्वास रोखून जाणाऱ्यांचं. लहानसं, काळंपांढरं, आकडे तीनच. त्याचा इशारा म्हणजे मनगटावर थरथर. मी दोन्हींना मार्क दिले. पेपर तपासायची सवय. पहिल्याला एकवीस पडले, दुसऱ्याला तेरा. थरथरीला मी अर्धा मार्क दिला होता, तोही उदार होऊन.

मालवणकडं पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला नेणारा एक गाइड आहे. त्याचा नंबर मिळवून फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, घालणार कोण?"

"माझा भाऊ."

"मग त्यांना विचारा ना. मनगट त्यांचं, पाणी त्यांचं."

"तो सातवी शिकलाय हो. त्याला यातलं काय कळणार?"

तो म्हणाला, "कान कसे आहेत त्यांचे?"

"ठणठणीत," मी म्हणाले. विचार न करता म्हणाले. पहिलं घड्याळ मागवलं.

रविवारी गावी गेले तेव्हा अण्णा गावाबाहेरच्या विहिरीवरच होता. पाइपच्या तळाशी काहीतरी अडकलं होतं. पाणी पाच परस, म्हणजे पाच पुरुष एकावर एक उभे करावेत एवढं. मी विहिरीच्या कठड्यावर बसून त्याच्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि वर्गात बोलते तसं बोलले. "हे बघ अण्णा. एक मिनिट झालं की हे वाजेल. वाजलं की वर. वर आलास की दम खायचा, पुन्हा वाजेल. तोवर खाली जायचं नाही. कळलं?"

"व्हय व्हय," अण्णा म्हणाला. हसला. घड्याळाकडं नव्या बैलाकडं बघावं तसं बघितलं.

विहिरीचा मालक म्हणाला, "आता घड्याळ बघून बुडी व्हय? म्हंजे अण्णाला ड्यूटी लागली की! पंचिंग कुटं करायचं?"

सगळे हसले. मीही हसले. अण्णा आमची तोंडं बघून हसला. आता आठवतं ते असं. तेव्हा मला वाटलं, विनोदालाच हसला.

तो खाली गेला. मी मोबाइलवर वेळ बघत होते. मिनिट झालं. सव्वा झालं. दीड होत आलं तेव्हा तो वर आला आणि विहीर नुसती घड्याळाच्या आवाजानं भरली. बाजूच्या कपारीतली कबुतरं उडाली. पलीकडच्या रानात पाणी धरणारा माणूस मान वर करून बघायला लागला. अण्णा पायरीवर बसून डोळे पुसत होता.

"अण्णा, वाजतंय ते! कळत नाही का तुला?" मी ओरडले.

त्यानं वर बघितलं, हात हलवला. "व्हय व्हय."

आणि धोंडा उचलला. दम खायचा वेळ अर्धासुद्धा झाला नव्हता. मी कठड्यावर उभी राहून ओरडले. एकदा, दोनदा, तीनदा. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

वैनीनं दोरीला एक हिसका दिला. बारीकसा. अण्णानं लगेच वर बघितलं.

"बसा!" असं तिनं हातानं खुणावलं. तो बसला.

मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "वन्सं, कशाला घसा कोरडा करताय? त्यास्नी ऐकू येत न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे. तीन वर्सं झाली. दोनी कान गेल्यात. समोर बसून सावकाश बोललं की तोंडाकडं बघून वळखत्यात. तुमी बोलता भरभर."

तीन वर्षं. दर रविवारी मी फोन करायचे. "व्हय व्हय, बरं हाय. घे, हिच्याशी बोल," एवढं म्हणून तो फोन वैनीकडं द्यायचा. मी ते मनाला लावून घेतलं होतं. स्टाफरूममध्ये बोललेही होते, की माणूस शिकलं की सख्खा भाऊसुद्धा दोन शब्दांचा होतो. दिवाळीला यायचे, चार दिवस राहायचे, कॉलेजच्या गोष्टी सांगायचे. तो माझ्या तोंडाकडं एकटक बघत ऐकायचा. मला वाटायचं, कौतुक.

"मला सांगितलं का नाही कुणी?"

"तुमी इचारलं का?" वैनी दोरी हातावर गुंडाळत म्हणाली. "तुमी येता, सांगता, जाता."

मी कठड्यावरून खाली उतरले.

काम झाल्यावर अण्णा लिंबाखाली बसला. मी त्याच्या समोर बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि एकेक शब्द तोडून विचारलं, "कान कधीपासून?"

त्यानं वैनीकडं बघितलं. सांगितलंस का, असं. मग म्हणाला, "आगं, त्येचं काय न्हाय. बुडीत कान दुखायचं. दोन परसावर बारीक, तीन परसावर लई. चवथ्याला सुई टोचल्यागत. तेवढ्यावरनं मला कळायचं कुटं आलोय ते. मग एकदा फटदिशी झालं. तवापासनं दुखतच न्हाय." डोकं पुसत म्हणाला, "आता किती खाली गेलो, कळत न्हाय बग. तेवढीच पंचाईत."

म्हणजे जे घड्याळ मी शोधत होते ते त्याच्या कानात होतं. ते फुटलं, आणि मी त्याला वाजणारं दुसरं आणून दिलं.

मी मोबाइल बाहेर काढला, रिंग बंद करून नुसती थरथर ठेवली आणि त्याच्या मनगटावर दाबून धरला. वैनीला तिच्या फोनवरून मला रिंग द्यायला सांगितलं.

अण्णा दचकला. मग हसला. "गुदगुल्या व्हत्यात की!"

"पाण्यात कळेल?"

"न कळायला काय झालं? दोरीचं कळतंय की." त्यानं मोबाइल स्वतःच धरून पुन्हा मनगटावर लावला. "असलं मिळतं व्हय? मग हेच आणायचं न्हाय का, म्याडम?"

मी वही उघडून दाखवणार होते. कुठल्या तोंडानं दाखवू?

वापरलेलं परत घेत नाही, असं दुकानानं कळवलं. दुसरं घड्याळ मी वेगळं मागवलं. इशारे किती वेळाचे लावायचे ते या वेळी त्यालाच विचारलं, आणि त्यानं माझ्या मिनिटाची पन्नास सेकंदं केली. ते तो पाण्यात घालतो. थरथरलं की वर येतो, पुन्हा थरथरेपर्यंत पायरीवर बसतो. वैनी दोरी अजून सोडत नाही. मी तिला सोड म्हणणारही नाही. कानाच्या डॉक्टरकडं मी नेलं तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हेच म्हणाले, की फार उशीर केलात, आणि बुड्या बंद करा. बुड्या बंद झालेल्या नाहीत.

पहिलं घड्याळ मी परत मागितलं होतं. त्यानं दिलं नाही. बाजाराच्या दिवशी, लग्नाकार्यात तो ते घालतो. त्यात सकाळी दहाचा गजर मीच लावून ठेवला होता, आवाज दाखवायला म्हणून. तो कसा काढायचा हे त्याला ठाऊक नाही, आणि वाजतो हेही नाही.

मागच्या बाजारी मी त्याच्याबरोबर चहाच्या गाड्यावर उभी होते. दहा वाजले. गजर सुरू झाला. चारपाच माणसं वळून बघायला लागली. एकजण त्याच्या हाताकडं बोट दाखवून म्हणाला, "अण्णा, घड्याळ!"

अण्णाला वाटलं, घड्याळाची चौकशी करतोय. त्यानं बाही वर सारली, हात सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला. वाजतच होतं.

"बहिणीनं दिलंय," तो म्हणाला. "प्रोफेसर हाय सोलापुरात. लई अभ्यास करून आणलंय."