वनिताचा फटका

१६ मे १९९९, रविवार. जून तोंडावर आला की शाळेच्या हॉकी स्टिकांना जवसाचं तेल चोळायचं काम माझं. शिपायाला सांगितलं तर तो वरवर फडकं मारतो. तेल लाकडात मुरायला हवं, नाहीतर पावसात स्टिक फुगते आणि दिवाळीपर्यंत चिरते. आज एकवीस स्टिका झाल्या. बाविसाव्या स्टिकला तेल लागत नाही. ती लाकडाची नाहीच.

तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, मुलीशी तर नाहीच. आता हात धुऊन लिहायला बसले आहे. का, ते मला विचारू नका.

आधी स्टिक निवडायची कशी ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. — की मी वेळ काढते आहे? असेल. तरी ऐका. जिचा खेळ पुशचा, म्हणजे चेंडू स्टिकला चिकटवून मनगटानं ढकलायचा, तिला लवचिक स्टिक द्यावी. चेंडू आला की ती किंचित दबते, चेंडू धरून ठेवते. जिचा खेळ हिटचा, म्हणजे दोन्ही हात जवळ घेऊन लांबून फटका मारायचा, तिला कडक स्टिक. ती दबत नाही. अंगातला सगळा जोर चेंडूला मिळतो. हीच कडक स्टिक हलक्या हाताच्या मुलीला दिली, तर चेंडू दगडावर आपटल्यासारखा उडतो आणि तळहाताला झिणझिण्या येतात. एवढं सरळ आहे. पण आमच्या सगळ्या स्टिका तुतीच्या लाकडाच्या, एकसारख्या. त्यामुळे निवडायची वेळ कधी आली नव्हती. एकदाच आली.

चार वर्षांपूर्वी, पाऊस ओसरत असताना, नसरीनचं पार्सल आलं. नसरीन माझी जुनी विद्यार्थिनी, पनवेलचीच, लग्न होऊन आखातात गेलेली. तिनं कंपोझिट स्टिक पाठवली होती. काचेच्या आणि कार्बनच्या धाग्यांची, काळीभोर. तशी स्टिक आमच्याकडे तोवर कुणी पाहिली नव्हती. सोबत चिठ्ठी होती — ‘बाई, दुकानात दहा स्टिका वाकवून बघितल्या, त्यातली ही सर्वांत कडक. संघात जिचा फटका सर्वांत जड असेल, तिला माझ्याकडून द्या.’

जिचा फटका सर्वांत जड — विचार करायचीसुद्धा गरज नव्हती. वनिता. जवळच्या ओवे गावाहून रोज सायकलवर येणारी, बारावीतली. घरची भातशेती. लहानपणापासून खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडलेल्या, त्यामुळे कमरेतून वळून स्टिक थेट डोक्यावर न्यायची आणि खाली आणायची. तिच्या हिटचा आवाज आला की रस्त्यावरचे रिक्षावाले माना वळवत. आमची गोलकीपर कविता ओरडायची, “वनिते, घरी जाऊन भात झोड गं, माझे पाय नको झोडूस!” आणि वनिता हसत म्हणायची, “मंग बाजूला व्हय ना! तिथं उभं ऱ्हायला कोन सांगतं तुला?”

माझी मृणाल त्याच संघात होती. अकरावीत. हात मऊ, खेळ पुशचा. बरी खेळायची — बरी, त्याहून जास्त नाही. पार्सल घरीच उघडलं होतं. तिनं त्या काळ्या स्टिकवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, “आई, ही कुणाला?” ती कधी काही मागणारी मुलगी नव्हती. तेव्हाही तिनं मागितलं नव्हतं. मी चहा ठेवायला आत गेले आणि नसरीनची चिठ्ठी गॅसवर धरली.

झालं, सांगितलं. वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. — पण थांबा. एवढंच असतं तर मी चार वर्षं गप्प बसले असते का? आई मुलीला झुकतं माप देते. ते चूक आहे, पण त्यासाठी कुणाची झोप उडत नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्या मुलींनी ती स्टिक हाताळली. वनिताची पाळी आली तेव्हा तिनं ती आडव्या बोटावर तोलली आणि हवेत एकदा फिरवली. स्टिक तिच्याच हाताची होती.

“बाई, बसते हं ही माझ्या हातात,” ती म्हणाली.

आणि मी, वीस वर्षं खेळ शिकवणारी बाई, शांतपणे म्हणाले, “नाही गं. तुझी स्टिक खांद्याच्या वर जाते, तो फाउल आहे. कडक स्टिकनं ती सवय आणखी पक्की होईल. तुझा हात खरा पुशचा आहे. ही मृणालला राहू दे.”

खांद्याच्या वर स्टिक नेणं फाउल होतं खरं — माझ्या खेळायच्या काळात. तो नियम रद्द होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मला हे माहीत होतं. मुलींना माहीत नव्हतं, कारण नियमांचं पुस्तक शाळेत एकच, आणि ते माझ्या कपाटात. “बरं बाई,” वनिता म्हणाली. मृणालच्या हातात देण्याआधी तिनं स्टिकची मूठ आपल्या ओढणीला पुसली. घाम लागला असेल म्हणून.

आता मला तो फाउल निभावून नेणं भाग होतं. मैदानाच्या कडेला दोन बांबू रोवले आणि वनिताच्या खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधली. तिची स्टिक सुतळीला लागली की मी शिट्टी मारायची. रोज सकाळी, पाऊण तास. हात लांब धर, मनगट मोकळं सोड, ढकल. ती एका शब्दानं उलटून बोलली नाही. उलट सगळ्या गेल्यावर एकटीच आणखी दहा मिनिटं करायची. नवरात्रापर्यंत शिट्ट्या कमी झाल्या. डिसेंबरात एकही वाजली नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा मला शिक्षिकेला वाटतो तो आनंदही झाला होता. इतक्या मनापासून शिकणारी दुसरी मुलगी मला मिळाली नाही.

आणि मृणाल? तिच्या हातात ती स्टिक बसेचना. चेंडू अडवायला जावं तर तो चार हात लांब उडायचा. दिवाळीच्या सुटीत लाल झालेले तळवे दाखवून म्हणाली, “आई, मला माझी जुनीच दे.” तेव्हा ती स्टिक वनिताला देता आली असती. पण मग सुतळी सोडावी लागली असती, आणि ती का सोडली हे सांगावं लागलं असतं. मी स्टिक कोपऱ्यात उभी करून ठेवली.

जानेवारीत निवडचाचणी होती. निवडलेल्या मुलींना सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं. वनिताला त्या जागेची किती गरज होती, ते मला ठाऊक होतं. तिचे वडील शाळेत येऊन मला म्हणाले होते, “बाई, पोरीला घेतली तं जाऊ दे, खेलू दे. नाय घेतली तं मे महिन्यात लगीन. मुलगा बघून ठेवलाय.”

चाचणी घेणारे गृहस्थ वयस्कर होते, मोजकं बोलणारे. त्यांनी चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, कडेला ठेवला आणि वनिताला म्हणाले, “मार.” तिनं पुश केला. नेटका, सरळ, आणि हळू. गोलकीपरनं तो पायानं सहज अडवला. “जोरात मार.” पुन्हा तसाच. तिसऱ्या वेळी तिचे हात आपोआप जवळ आले. मी पाहिलं. स्टिक मागे गेली, वर चढली — आणि खांद्याशी थांबली. तिथं सुतळी नव्हती. तरी थांबली.

“हात चांगला आहे,” ते म्हणाले, “पण हिट मुळातच नाही. कुणी शिकवलं हिला?”

वनितानं वळून माझ्याकडे बोट केलं. अभिमानानं. “आमच्या बाईंनी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तिला घेतलं नाही. मे महिन्यात लग्न झालं. आता ती करंजाड्याला असते. बाजारात भेटली की मुलीला पुढे करते, “पाया पर बाईंच्या” म्हणते, आणि ते पोर वाकतं. मी त्याच्या हातावर काहीतरी ठेवते. ती सुखात आहे का? दिसते तरी. पण ते माझ्या कामाचं नाही. ती सुखात असली म्हणून मी केलं ते बदलत नाही.

अजून राहिलंच. इथवर आले ते खरं तर एवढंच सांगायला.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दार वाजलं. वनिता होती. डोळे सुजलेले, हातात डबा. आईनं घावनं करून दिली होती. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “बाई, तुमी एवरं शिकवलं, मी तुमचं नाव घालवलं. माझ्यावर राग धरू नका.”

तेव्हा बोलायचं होतं. घरात दुसरं कुणी उठलेलं नव्हतं. समोर ती एकटी होती.

मी म्हणाले, “असू दे गं. होतं असं.” तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला आत बसवून चहा दिला, आणि तिच्यासमोर दोन घावनं खाल्ली. मग डबा घासला, रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली आणि तिच्या हातात दिला.